माइंडहंटर : खुन्यांच्या मुलाखती, अटलांटाची दोन वर्षे आणि काही प्रश्न

सांजवेळ

सिरियल किलरच्या शोधावर बेतलेल्या मालिकांना आता तोटा नाही, आणि त्यांतल्या बहुतेकींचा साचा प्रेक्षकांना पाठ झालेला आहे. आरंभी प्रेत, मग तीन-चार संशयित, शेवटी पाठलाग आणि बेड्या. नेटफ्लिक्सवरील 'माइंडहंटर' या साच्यात बसत नाही. तिची दोन्ही पर्वे नुकतीच पुन्हा पाहून संपवली आणि तिच्यावर सविस्तर चर्चा व्हावी असे वाटले, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांना आधीच सांगते की पुढे कथानक बरेचसे उघड केलेले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात देते. मालिकेचे निर्माते जो पेनहॉल. डेव्हिड फिंचर कार्यकारी निर्मात्यांपैकी एक असून एकोणीसपैकी सात भागांचे दिग्दर्शनही त्यांचे आहे. पहिल्या पर्वाचे दहा भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये आले, दुसऱ्याचे नऊ ऑगस्ट २०१९ मध्ये. आधार आहे तो एफबीआयचे निवृत्त अधिकारी जॉन डग्लस आणि लेखक मार्क ओल्शेकर यांच्या १९९५ सालच्या पुस्तकाचा. कथा १९७७ च्या सुमारास सुरू होते. व्हर्जिनियातील क्वांटिको येथे तळघरातल्या कचेरीत बसणारे दोन अधिकारी, होल्डन फोर्ड आणि बिल टेंच, गावोगावच्या पोलिसांना प्रशिक्षण देत हिंडतात आणि ज्या राज्यात जातील तिथल्या तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या खुन्यांना भेटून त्यांना बोलते करतात. बॉस्टनहून प्राध्यापक वेंडी कार त्यांना येऊन मिळतात. फोर्ड हे पात्र डग्लस यांच्यावर, टेंच रॉबर्ट रेसलर यांच्यावर आणि कार ॲन बर्जेस यांच्यावर बेतलेले आहे. बर्जेस प्रत्यक्षात परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि बलात्कारपीडित स्त्रियांवरील त्यांच्या संशोधनामुळे एफबीआयने त्यांना बोलावले होते. या तिघांनी ३६ कैद्यांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. आज पोलिसी मालिकांतून सर्रास ऐकू येणारी गुन्हेगाराच्या 'प्रोफाइल'ची, म्हणजे अनुमानाने रेखाटलेल्या व्यक्तिचित्राची, भाषा बरीचशी तिथून आलेली आहे.

मला या मालिकेत सर्वांत मोलाचा वाटतो तो तिचा संयम. ज्या खुनांविषयी तासन् तास बोलणे चालते ते खून पडद्यावर घडत नाहीत. आपण पाहतो ती छायाचित्रे, टेपरेकॉर्डरची फिरणारी रिळे, टेबलावरचा ॲश ट्रे आणि समोरच्या माणसाचा चेहरा. दुसऱ्या पर्वाच्या दुसऱ्या भागातला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. टेंच विचिटा शहरात एका तरुणाला भेटायला जातो. १९७४ मध्ये त्या तरुणाच्या बहिणीचा खून झाला आणि त्याच हल्ल्यात डोक्यात गोळी लागूनही तो वाचला. तरुणाची अट अशी आहे की त्याच्याकडे वळून पाहायचे नाही. टेंच आणि स्थानिक पोलीस अधिकारी गाडीत पुढे बसतात, तो मागे येऊन बसतो, आणि संपूर्ण प्रसंगभर मागच्या सीटवरचा तो चेहरा धूसर राहतो. तो त्या दिवशीची हकीकत सांगत जातो, टेंच समोरच्या काचेतून बाहेर बघत एकेक प्रश्न विचारतो, आणि आपल्याला दिसतो तो ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा. कुठेही फ्लॅशबॅक नाही आणि रक्ताचा थेंब नाही. होल्ट मॅककॅलनी या नटाने नुसत्या जबड्याच्या ताणावर हा प्रसंग पेलला आहे. हिंसा न दाखवता तिचे वजन प्रेक्षकाच्या अंगावर कसे घालावे, हे ज्यांना शिकायचे असेल त्यांनी ही काही मिनिटे अवश्य पाहावीत.

आता मुख्य मुद्दा. पहिले पर्व उत्तम आणि दुसरे रेंगाळलेले, असे मत मी अनेकांकडून ऐकले आहे. माझे मत याच्या उलट आहे. पहिल्या पर्वात होल्डनची पद्धत जवळजवळ प्रत्येक वेळी यशस्वी होते. लहान गावातला खून, स्थानिक पोलीस गोंधळलेले, होल्डन येतो, गुन्हेगाराच्या मनात शिरतो आणि कबुलीजबाब घेऊन निघतो. त्याचा आत्मविश्वास वाढत जातो, त्याबरोबर त्याची मग्रुरीही वाढते. त्या पर्वात या मग्रुरीला एकच मोठा अपवाद आहे, तो म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापकाचे उपकथानक. मुलांच्या पायांना गुदगुल्या करून त्यांना नाणी देणारा हा माणूस पुढे काही भयंकर करील की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. होल्डनच्या शब्दावरून त्याची नोकरी जाते आणि मालिका त्याचा निवाडा करत नाही. दुसऱ्या पर्वात मात्र हाच होल्डन अटलांटाला जातो. १९७९ ते १९८१ या काळात तिथे पंचवीसहून अधिक कृष्णवर्णीय मुले आणि तरुण मारले गेले. त्याचे अनुमान तयार असते, युक्त्या तयार असतात, आणि तरीही महिनोन् महिने हाती काही लागत नाही. स्मरणयात्रेच्या वाटेवर क्रूस उभारून खुन्याला तिकडे खेचायचे, ही त्याची योजना मंजुऱ्यांमध्ये अडकते, आणि शेवटी तो स्वतःच क्रूस उचलून गर्दीतून धावत सुटतो. ज्ञानाचा अहंकार व्यवस्थेच्या भिंतीवर आपटतो तो हा क्षण. अखेरीस अटक होते, पण खटला चालतो तो फक्त दोन प्रौढ पुरुषांच्या खुनांचा. मुलांच्या आईबापांना न्यायालयात निकाल मिळतच नाही.

गुन्हेगारी मालिकेने आपल्याच नायकाची विद्या अशी कसोटीला लावून ती अपुरी असल्याचे दाखवावे, हे मला फार मोठे धाडस वाटते. तुम्हा सर्वांना काय वाटते, हे वाचायला आवडेल.


रानवाटा

धाग्याबद्दल धन्यवाद. संयमाविषयी पूर्ण सहमत, पण दोन पर्वांच्या तुलनेत माझे मत वेगळे आहे. या मालिकेचा आत्मा म्हणजे तुरुंगातल्या त्या खोल्या, आणि दुसऱ्या पर्वात त्या कमी होत जातात. एड केंपर या कैदेतल्या खुन्याच्या भूमिकेत कॅमेरॉन ब्रिटन याने जे केले आहे त्याला तोड नाही. त्या भूमिकेसाठी त्याला एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले होते, आणि पुरस्कार मिळाला नाही याची मला अजूनही हळहळ वाटते. सहा फूट नऊ इंचांचा माणूस हळू, सभ्य आवाजात बोलतो, पाहुण्यासाठी एग सॅलड सँडविच मागवतो, शब्द निवडून वापरतो, आणि त्याच स्वरात स्वतःच्या आईविषयी सांगू लागतो. आवाजाची पट्टी बदलत नाही, हीच त्या दृश्याची भीती आहे.

पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात होल्डन एकटा त्याला भेटायला रुग्णालयात जातो तो प्रसंग आठवा. आपण या माणसाला समजून घेतले आहे, तो आपला स्रोत आहे, जवळजवळ मित्रच आहे, अशी होल्डनची समजूत झालेली असते. केंपर खाटेवरून उठतो, दाराच्या आणि होल्डनच्या मध्ये उभा राहतो आणि त्याला मिठी मारतो. त्यानंतर होल्डन मार्गिकेत कोसळतो. विद्येचा अहंकार तुटण्याचा जो क्षण सांजवेळताईंना दुसऱ्या पर्वात दिसला, तो मला इथेच पूर्ण झालेला दिसतो, आणि त्यासाठी नऊ भागांचे अटलांटा लागले नाही. दुसऱ्या पर्वात चार्ल्स मॅन्सनची मुलाखत आहे आणि डेमन हेरिमन याने ती उत्तम वठवली आहे. पण ती एकाच भागापुरती येते आणि जाते.


गोदाकाठ

मी ही मालिका पूर्ण पाहिली, तिची ताकद मान्य करते, आणि तरीही एक तक्रार नोंदवते. केंपरविषयी रानवाटा यांनी जे लिहिले तेच बहुतेक प्रेक्षक लिहितात, आणि माझी अस्वस्थता तिथेच आहे. या माणसाने पंधराव्या वर्षी स्वतःच्या आजी-आजोबांना मारले. पुढे १९७२ आणि १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ परिसरात लिफ्ट मागणाऱ्या सहा तरुणींना, आणि शेवटी आईला व तिच्या मैत्रिणीला मारले. मालिका संपल्यावर त्या सहा मुलींपैकी एकीचे तरी नाव, शिक्षण, आवडनिवड प्रेक्षकाला आठवते का? केंपरला मात्र सँडविच आवडते हे सर्वांना आठवते. मुलाखतीच्या खोलीत बोलायला एकच बाजू हजर असते आणि जी बाजू बोलते तिच्याबद्दल आपुलकी निर्माण होते, हे कलेच्या स्वभावातच आहे. हिंसा दाखवली नाही म्हणून ही अडचण सुटत नाही. उलट प्रेत दिसत नसल्यामुळे मेलेली व्यक्ती आणखी अदृश्य होते.

विचिटाच्या गाडीतला प्रसंग या दोषाला अपवाद आहे, हे मला मान्य आहे, कारण तिथे बोलतो तो वाचलेला माणूस. आणि याच कारणासाठी मी दुसऱ्या पर्वाच्या बाजूने आहे. अटलांटात पहिल्यांदाच मृतांची माणसे या कथेत येऊन बसतात, बोलतात, जाब विचारतात. हॉटेलात काम करणारी तरुणी होल्डनला त्या मातांकडे घेऊन जाते, तेव्हा त्या त्याच्याकडे दया मागत नाहीत. पोलिसांनी काय केले नाही याची यादीच त्याच्यापुढे ठेवतात. त्यांच्यातील कॅमिल बेल ही व्यक्तिरेखा काल्पनिक नाही. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारणीसाठी वस्तू आणायला म्हणून दुकानात गेला आणि परतला नाही. पोलीस या मृत्यूंमध्ये संबंध आहे हेच मानायला तयार नव्हते, तेव्हा १९८० मध्ये बेल यांनी इतर मातांना जोडीला घेऊन समिती उभी केली आणि प्रश्न लावून धरला. एफबीआय अटलांटात आली ती कोणाच्या तरी प्रोफाइलमुळे नव्हे, या बायकांनी आरडाओरडा केला म्हणून आली, असे मी ठामपणे म्हणेन.


चिंचोटी

एकच प्रश्न आहे. टेंचच्या दत्तक मुलाचे जे कथानक दुसऱ्या पर्वात आहे ते खरे आहे का? ते पाहताना फार त्रास झाला.


सांजवेळ

चिंचोटी, ते मालिकेसाठी रचलेले आहे. रेसलर यांच्या घरात असे काही घडलेले नाही. मला त्याची गरज समजते. आयुष्यभर 'हे लोक असे कसे झाले' हा प्रश्न इतरांच्या मुलांविषयी विचारणाऱ्या माणसाला तोच प्रश्न स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर भेटतो. तरीही योगायोगाचा ताण त्या कथानकावर जाणवतो, आणि टेंचची बायको नॅन्सी हिला लेखकांनी पुरेशी जागा दिली नाही, असे मला वाटते.


मनोव्यापार

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे मालिकेच्या शास्त्रीय बाजूविषयी थोडे लिहितो. सांजवेळ यांनी पद्धत 'अपुरी' असल्याचे म्हटले आहे. मी त्याहून एक पाऊल पुढे जाईन.

मालिकेत वेंडी कार ज्या वर्गवारीवर काम करताना दिसतात, म्हणजे योजनाबद्ध आणि अव्यवस्थित असे खुन्यांचे दोन प्रकार, ती वर्गवारी प्रत्यक्षात एफबीआयने अनेक वर्षे शिकवली. २००४ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कॅन्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शंभर सिरियल किलरांच्या गुन्ह्यांची माहिती घेऊन ही विभागणी तपासली, तेव्हा असे दोन वेगळे गट त्यांना आढळले नाहीत. योजनेच्या खुणा जवळजवळ सर्वच गुन्ह्यांत कमी-अधिक होत्या. मूळ अभ्यास ३६ कैद्यांचा होता. हे कैदी पकडले गेलेले होते, बोलायला तयार झालेले होते आणि त्यांची निवड यदृच्छेने झालेली नव्हती. शिवाय मुलाखत देणारा माणूस खरे बोलतो असे गृहीत धरावे लागते. केंपरचेच उदाहरण घ्या. आजी-आजोबांच्या खुनानंतर त्याला अटास्कडेरो येथील मनोरुग्णालयात ठेवले होते. तिथे त्याला मानसशास्त्रीय चाचण्या घेण्याच्या कामात मदतीला लावले गेले आणि कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर दिले की डॉक्टरांचे समाधान होते, हे तो शिकला. १९७२ मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी त्याच्यापासून आता धोका नाही असा निर्वाळा दिला, त्या वेळी त्याचे खूनसत्र सुरू झालेले होते. ज्याने तज्ज्ञांना फसवण्याचे शिक्षण तज्ज्ञांच्याच कचेरीत घेतले, त्याची मुलाखत या शास्त्राच्या पायाचा एक दगड आहे, ही गोष्ट मालिकेने आणखी स्पष्टपणे मांडायला हवी होती.

प्रोफाइल चुकले तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. लंडनच्या विम्बल्डन कॉमन येथे जुलै १९९२ मध्ये एका तरुण आईचा तिच्या लहान मुलादेखत खून झाला. पोलिसांनी एका मानसशास्त्रज्ञाकडून खुन्याचे व्यक्तिचित्र तयार करून घेतले, ते एका स्थानिक माणसाशी जुळते असे ठरवले, आणि एका महिला पोलिसाला प्रेमाचे नाटक करून त्याच्याकडून कबुली मिळवायला पाठवले. त्याने कबुली दिली नाही, तरी त्याच्यावर खटला भरला गेला आणि सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो सारा पुरावा फेटाळून लावला. खरा खुनी वेगळाच होता. डीएनएच्या आधारे तो सापडला आणि २००८ मध्ये त्याने गुन्हा मान्य केला. मधल्या काळात, १९९३ मध्ये, त्याने आणखी एका स्त्रीला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला मारले होते. होल्डन फोर्डच्या आत्मविश्वासाकडे मी पाहतो तेव्हा मला ती मायलेक आठवतात.

हे सर्व लिहूनही मालिकेविषयी माझा आदर कमी होत नाही. कैद्याचे ऐकून घेण्याची तयारी, त्याच्या बालपणाविषयी पद्धतशीर प्रश्नावली, आणि ती प्रत्येकाला सारखीच विचारली पाहिजे असा वेंडी यांचा आग्रह, या गोष्टी योग्यच होत्या. रिचर्ड स्पेकच्या मुलाखतीत होल्डन अत्यंत गलिच्छ भाषा वापरून त्याला बोलता करतो आणि नंतर ते ध्वनिमुद्रण लपवण्याचा घाट घातला जातो. त्या प्रसंगात वेंडींचा संताप हा एका संशोधकाचा संताप आहे, आणि ॲना टॉर्व्ह यांनी तो फार नेमका दाखवला आहे.


कोथरूडकर

मनोव्यापार यांचा प्रतिसाद वाचून आपल्याकडच्या प्रकरणांची आठवण झाली. माझी पिढी पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या सावटाखाली वाढली. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसे मारली गेली. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत, ओळखीचा आवाज आल्याशिवाय कोणी दार उघडत नसे, आणि कडीला साखळी बसवण्याची टूम त्याच वर्षी आमच्या आळीत आली. खुनी निघाले ते अभिनव कला महाविद्यालयातले चार विद्यार्थी. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यांना येरवड्याला फाशी झाली. शहराला जो प्रश्न पडला होता, की चित्रकला शिकणारी, कॅन्टीनमध्ये आपल्या शेजारी चहा पिणारी मुले हे कसे करू शकली, तो प्रश्न फाशीनंतरही तसाच राहिला. त्या चौघांपैकी एकाने तुरुंगात आत्मकथन लिहिले, तेवढेच काय ते साधन हाती आहे.

याहून जवळचे साम्य रामन राघवच्या प्रकरणात आहे. मुंबईच्या उपनगरांत पदपथावर आणि झोपड्यांत झोपणाऱ्या गरिबांना त्याने मारले. ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी त्याला ओळखून पकडले. तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. तो दोन दिवस काहीच बोलेना. शेवटी त्याला काय हवे ते विचारले, तेव्हा त्याने कोंबडीचे जेवण मागितले, मग केसांना तेल, कंगवा आणि आरसा मागितला. ते सर्व मिळाल्यावर त्याने स्वतःहून सारे सांगितले आणि लपवलेली हत्यारेही दाखवली. क्वांटिकोच्या लोकांनी पुढे ज्या गोष्टीचे शास्त्र केले, म्हणजे समोरच्याला माणूस म्हणून वागवले की तो बोलतो, ती गोष्ट मुंबई पोलिसांना अनुभवातून ठाऊक होती. सत्र न्यायालयाने फाशी सुनावल्यावर ती कायम करण्याआधी उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले आणि त्यांनी रामन राघवच्या अनेक दीर्घ मुलाखती घेतल्या. तो मनाने आजारी असल्याचा निष्कर्ष निघाला, पुढे १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये ससून रुग्णालयात तो वारला.

फरक मला हेतूत दिसतो. आपल्याकडे डॉक्टरांना विचारलेला प्रश्न एवढाच होता की या माणसाला फाशी देता येईल का. हा असा कसा झाला आणि पुढचा असा माणूस आधी कसा ओळखावा, हे विचारण्यासाठी कोणी तुरुंगात टेपरेकॉर्डर घेऊन गेले नाही. कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातल्या दोघी बहिणी १९९६ पासून कैदेत आहेत. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप केली, आणि त्याचे कारण होते दयेच्या अर्जावर सरकारने केलेला विलंब. ती मुले कोणाची होती, रस्त्यावरून उचललेल्या मुलांची तक्रार वेळेवर का नोंदली गेली नाही, यावर पुरेसे लेखन झाले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. गोदाकाठ यांच्या मुद्द्याशी हे थेट जोडलेले आहे.


पीचट्री

मी बरीच वर्षे अटलांटात राहत आहे, म्हणून त्या भागाविषयी लिहितो. मालिकेतला पुलाचा प्रसंग पुष्कळ अंशी घटनेला धरून आहे, पण त्यामागची साखळी समजली तर तो अधिक कळतो. फेब्रुवारी १९८१ मध्ये इथल्या वर्तमानपत्राने बातमी दिली की मृतांच्या अंगावर सापडलेल्या धाग्यांवरून पोलीस माग काढत आहेत. त्यानंतर प्रेते नदीत सापडू लागली, बहुधा धागे धुऊन जावेत म्हणून. त्यावरून पुलांवर रात्रीचा पहारा बसवण्यात आला. आठवड्यांमागून आठवडे काही घडले नाही. २२ मे १९८१ च्या पहाटे चॅटाहूची नदीवरच्या पुलाखाली बसलेल्या पोलिसाला पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला आणि वर वेन विल्यम्सची गाडी अडवली गेली. दोन दिवसांनी नदीत एका सत्तावीस वर्षांच्या पुरुषाचे प्रेत मिळाले. फेब्रुवारी १९८२ मध्ये विल्यम्सला दोन प्रौढ पुरुषांच्या खुनांसाठी जन्मठेप झाली. खटला उभा राहिला तो मुख्यतः धाग्यांवर, म्हणजे त्याच्या घरातल्या हिरवट गालिच्याच्या तंतूंवर आणि कुत्र्याच्या केसांवर. मुलांच्या खुनांचे आरोप त्याच्यावर कधीच ठेवले गेले नाहीत, तरी पोलिसांनी त्यांतली बहुतेक प्रकरणे त्याच्या नावावर घालून बंद केली.

विल्यम्सने सर्व खून केले, काही केले की एकही केला नाही, यावर इथल्या जुन्या कृष्णवर्णीय रहिवाशांशी बोललो तर आजही एकमत आढळत नाही. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेवरचा संशय अनेकांच्या मनातून गेलेला नाही, आणि या प्रदेशाचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला तो अवास्तव वाटणार नाही. २०१९ च्या मार्चमध्ये महापौर कीशा लान्स बॉटम्स यांनी जुना पुरावा नव्या तंत्राने पुन्हा तपासण्याची घोषणा केली. दुसरे पर्व आले ते त्यानंतर काही महिन्यांनी.

मालिकेने आणखी एक गोष्ट नीट पकडली आहे. त्या वेळी अटलांटाचे महापौर मेनार्ड जॅक्सन होते, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. पोलिसांच्या वरच्या फळीतही कृष्णवर्णीय अधिकारी होते. व्यापारउदीम वाढत होता, नवा विमानतळ उभा राहिला होता, आणि गरीब वस्त्यांतली मुले नाहीशी होत असताना शहराचे नाव खराब होऊ नये याची घाई सर्वांना होती. म्हणजे हा निव्वळ गोऱ्या पोलिसांच्या बेफिकिरीचा प्रश्न नव्हता. सत्तेत आपली माणसे आली तरी गरिबांच्या मुलांची किंमत लगेच वाढत नाही, हे त्या मातांना कळून चुकले होते.

प्रत्यक्षातल्या डग्लस यांच्याविषयीही एक नोंद करतो. विल्यम्सवर खटला चालण्याआधीच त्यांनी पत्रकाराजवळ त्याच्याविषयी मत व्यक्त केले आणि त्याबद्दल एफबीआयने त्यांना लेखी समज दिली. खटल्यात उलटतपासणीच्या वेळी विल्यम्सचा तोल कसा घालवावा, याचा सल्लाही त्यांनीच सरकारी वकिलांना दिला होता. तो सल्ला चालला, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात विल्यम्स भडकला. अनेकांच्या मते निकाल तिथेच फिरला. एखाद्या माणसाला चिडवून त्याचा राग हा त्याच्या अपराधाचा पुरावा म्हणून पंचांपुढे ठेवणे मला खटकते, मग तो माणूस अपराधी असला तरीही.


रानवाटा

पीचट्री, ही माहिती फार उपयोगी पडली. पुलाचा भाग मी पुन्हा पाहीन. माझे मत केंपरच्या बाजूनेच राहील, पण गोदाकाठ यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, त्या सहा मुलींपैकी एकीचेही नाव मला आठवले नाही. तिसरे पर्व आले असते तर काय झाले असते, यावर कोणी लिहील का?


सांजवेळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मनोव्यापार यांनी दिलेला विम्बल्डनचा दाखला आणि पीचट्री यांनी सांगितलेली उलटतपासणीची हकीकत वाचल्यावर मला मुख्याध्यापकाचे उपकथानक अधिकच महत्त्वाचे वाटू लागले आहे.

तिसऱ्या पर्वाविषयी इतके ठाऊक आहे की जानेवारी २०२० मध्ये मुख्य नटांना करारातून मोकळे करण्यात आले, आणि २०२३ मध्ये फिंचर यांनी मालिका संपल्याचे स्पष्ट केले. खर्चाच्या मानाने प्रेक्षकसंख्या पुरेशी नव्हती. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक भागाच्या आरंभी दिसणारा तो मिशीवाला माणूस, धोक्याची घंटा बसवणाऱ्या कंपनीचा गणवेश घालून वावरणारा, तसाच मोकळा राहिला. तो अर्थात डेनिस रेडर, ज्याने १९७४ ते १९९१ या काळात विचिटा परिसरात दहा जणांना मारले आणि जो खरोखरच अशा कंपनीत नोकरीला होता. गाडीतल्या त्या तरुणावर गोळी झाडणाराही तोच.

रेडर सापडला २००५ च्या फेब्रुवारीत. एक तप गप्प राहिल्यावर २००४ पासून त्याने पुन्हा पोलिसांना आणि वृत्तसंस्थांना पत्रे पाठवायला सुरुवात केली होती. फ्लॉपी डिस्क पाठवली तर तिच्यावरून माग काढता येईल का, असे त्याने पोलिसांनाच विचारले. पोलिसांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून चिंता नसल्याचे कळवले, आणि त्याने फ्लॉपी पाठवली. तिच्यावर पुसलेल्या फाइलची माहिती शिल्लक होती. त्यात एका चर्चचे नाव आणि 'डेनिस' हे नाव सापडले. त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष डेनिस रेडर हाच होता. पुढे त्याच्या मुलीच्या जुन्या वैद्यकीय नमुन्यातील डीएनए घटनास्थळांवरच्या डीएनएशी ताडून पाहिला गेला आणि खात्री पटली. बायको, दोन मुले, चर्चमधले मानाचे पद आणि सरकारी नोकरी असलेला हा माणूस कोणत्याही प्रोफाइलने हाती लागला नव्हता.

मालिकेचा रोख याच शेवटाकडे होता, असे मला वाटते. होल्डन आणि टेंच यांनी आयुष्य खर्च करून जमवलेल्या टेपा एका कपाटात, आणि गुन्हेगार सापडतो तो स्वतःच्या प्रसिद्धीच्या हव्यासाने आणि एका फ्लॉपीमुळे. गोदाकाठ यांची तक्रार लक्षात घेऊन त्यात एवढी भर घालते की तसे पर्व कधी लिहिले गेलेच, तर ते रेडरच्या घरापासून सुरू होऊ नये. विचिटातल्या ज्या कुटुंबांनी तीस वर्षे वाट पाहिली त्यांच्यापासून सुरू व्हावे, आणि गाडीत मागे बसलेल्या त्या माणसाला या वेळी पुढच्या सीटवर बसवून बोलू द्यावे.